७८ मोहरे आणि एक विणलेला पट: सोलापुरातल्या लेथवाल्याकडून करून घेतलेला संच

नेहमीच्या बुद्धिबळाच्या डब्यात वजीर दोनच, एक पांढरा आणि एक काळा. खेळायला तेवढे पुरतात. पण "आठ वजीर पटावर असे बसवा की कुणी कुणाच्या माऱ्यात येणार नाही, आणि मग असं किती प्रकारे बसवता येतं ते मोजा" हे ज्याला मुलांना शिकवायचंय, त्याचं या डब्यानं काही भागत नाही. शाळेत होते तोवर मी हे फळ्यावर फुल्या मारून शिकवलं. पुसलेल्या फुलीचा डाग राहतो, मूल त्यालाच वजीर समजतं आणि मागच्या बाकावरच्यांना तर काहीच धड दिसत नाही. निवृत्तीनंतर साखर पेठेत घरीच संध्याकाळी गल्लीतली पोरं गणिताला येऊन बसायला लागली, तेव्हा हातात धरता येतील असे मोहरे हवेतच, हे पक्कं केलं.

आधी ऑनलाइन सुटे मोहरे मागवले. आले ते तीन वेगळ्या संचांतले, उंची वेगळी, बूड वेगळं, एकाच्या डोक्यावर मुकुट तर दुसऱ्याच्या नुसता गोळा. मुलांनी त्यातला एक वजीर उंट समजून बसवला. सगळे परत केले.

मग अशोक चौकाच्या बाजूला एक जुना लेथवाला आहे, त्याच्याकडे गेले. दुकानाला पाटी नाही, आजूबाजूचे लोक त्याला मिस्त्री म्हणूनच ओळखतात. पूर्वी यंत्रमागाची लाकडी कामं करायचा: धोटे, कांड्या, मागाच्या काठ्या. मागाचे भाग प्लॅस्टिकचे आणि लोखंडी झाले तशी ती कामं गेली. आता लाटणी, पलंगाचे पाय, देवघराचे खांब. दुपारी एक ते चार बंद असतं, ते लक्षात ठेवून जा, नाहीतर उन्हात हेलपाटा पडतो.

एकमेकांना न मारता पटावर जास्तीत जास्त जितके बसतात तितके, या हिशोबानं मी कागदावर मागणी लिहून दिली: वजीर ८, हत्ती ८, उंट १४, राजे १६, घोडे ३२. एकूण ७८. मिस्त्रीनं कागद दोनदा वाचला. "बाई, बत्तीस घोडे, आन् प्यादं एक बी नको? खेळायचं कसं मग?" खेळायचं नाही, मोजायचंय, असं म्हटल्यावर त्यानं मशीन बंद केलं आणि विचारलं, "उंट चौदाच का? सोळा का नको?"

मला तो प्रश्न फार आवडला. गिऱ्हाइकानं सांगितलेला आकडा मुकाट्यानं लिहून घेणारे पुष्कळ असतात. मी तिथंच बाकावरच्या भुश्शात बोटानं आठ बाय आठचा पट काढला. एका दिशेनं जाणाऱ्या तिरक्या रांगा मोजल्या तर पंधरा भरतात. एका रांगेत एकापेक्षा जास्त उंट ठेवता येत नाही, म्हणजे फार तर पंधरा. पण पहिल्या आणि शेवटच्या रांगेत एकेकच घर आहे, समोरासमोरचे दोन कोपरे. हे दोन कोपरे दुसऱ्या दिशेच्या सर्वांत लांब तिरक्या रांगेची दोन टोकं आहेत. दोन्हीकडे उंट ठेवले तर ते एकमेकांना मारतात. म्हणून एक कमी करायचा, चौदा. मिस्त्रीनं भुश्शावर बोट फिरवून दोन्ही कोपरे स्वतः जोडून पाहिले आणि मगच दर सांगितला: मोहऱ्यामागे २५ रुपये, घोड्याला ५ जास्त, कारण तो नुसत्या लेथवर होत नाही. सगळे मिळून २,११० रुपये झाले. एवढ्या कामाला हा दर वाजवी वाटतो.

लाकूड बाभळीचं. घट्ट, जड, हातात धरलं की वजन जाणवतं. रंग मात्र ब्रशनं लावलेला नाही. लेथवर मोहरा फिरत असताना मिस्त्री लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबतो, घासून लाकूड तापतं, लाख वितळते आणि लाकडावर चढते. वर ताडाच्या पात्याचा तुकडा दाबून धरला की झळाळी येते. वजीर लाल, हत्ती काळे, उंट पिवळे, राजे हिरवे, घोडे बिनरंगी. इथं दोन पक्ष नाहीतच, त्यामुळे रंगावरून जात ओळखू येणं हेच सोयीचं. ही कल्पना मिस्त्रीची, माझी नाही.

पट शेजारच्या एका मागावर विणून घेतला. दुहेरी विणीचं जाड सुती कापड, दोन इंचांचं एक घर. दुहेरी विणीमुळे मागच्या बाजूला रंग उलटे येतात: इकडे गडद ते तिकडे फिकं. आता हा पट पुस्तकाचं पान उलटतात तसा डावीकडून उजवीकडे उलटा. डाव्या कोपऱ्यातलं गडद घर उजव्या कोपऱ्यात गेलं आणि जाता जाता फिकं झालं. म्हणजे उजव्या हाताला फिकं घर हा बुद्धिबळाचा नियम दोन्ही बाजूंनी पाळला जातो. विणणाऱ्यानं हे ठरवून केलं नसेल, पण मुलांना आरशातली मांडणी दाखवायला मी याचा भरपूर उपयोग करते.

आता वापराबद्दल.

हत्तींचं सोपं आहे. पहिल्या उभ्या ओळीत हत्तीला आठ जागा, दुसऱ्या ओळीत सात, मग सहा, असं करत ८ × ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे ४०,३२०. चौथीतल्या मुलीनंही हे एका बैठकीत पकडलं. पट फिरवून किंवा आरशात धरून सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एकच धरल्या तर ५,२८२ उरतात, ते मोठ्यांसाठी.

उंट मात्र या संचाचं खरं सोनं आहेत. चौदा उंट बसवायचे तर सगळेच्या सगळे पटाच्या कडेवरच येतात, आत एकही बसत नाही. आणि अशा मांडण्या बरोबर २५६. इतका गोल आकडा का? आमच्याकडे मागावरचं उरलेलं रंगीत सूत भरपूर, त्यानं मुलं हे पटावर ताणून दाखवतात. वरच्या कडेवरचं कोपरा सोडून कुठलंही घर घ्यायचं. तिथून तिरकं खाली दोन वाटा निघतात, एक डाव्या कडेला टेकते, एक उजव्या. त्या दोन टोकांवरून पुन्हा तिरकं गेलं की दोन्ही वाटा खालच्या कडेवर एकाच घरात भेटतात. झाला एक तिरका आयत. वरच्या कडेवर कोपरे सोडून सहा घरं, म्हणून असे सहा आयत. प्रत्येक आयताच्या चार टोकांपैकी समोरासमोरची दोन निवडायची: वर-खाली तरी, नाहीतर डावी-उजवी तरी. प्रत्येकाला दोनच पर्याय, आणि एका आयताची निवड दुसऱ्याच्या आड येत नाही. उरले चार कोपरे. समोरासमोरच्या जोडीतून एकच उंट, म्हणजे दोन जोड्या, तिथंही दोन-दोन पर्याय. एकूण आठ वेळा दोनांतून एक: २ चा आठवा घात, २५६. पाच रंगांची सुतं ताणून बसलेल्या मुलांना हे दिसतं तेव्हा "बाई, नऊच्या पटावर ५१२ असणार!" असं कुणीतरी ओरडतंच, आणि ते खरं असतं. कागदावर हे असं घडत नाही. उंट उचलून आयताच्या दुसऱ्या टोकांवर ठेवावे लागतात.

राजांचं गणित वरवर सोपं वाटतं. पटाचे दोन बाय दोनचे सोळा तुकडे करा, एका तुकड्यात दोन राजे ठेवले की ते एकमेकांना भिडणारच, म्हणून जास्तीत जास्त सोळा. पण सोळा राजे बसवण्याच्या मांडण्या निघतात २,८१,५७१. हा आकडा मुलांना नुसता सांगून उपयोग नाही. मी पटावर सूत टाकून चार बाय चारचा कोपरा वेगळा करते आणि चारच राजे देते. वरच्या दोन तुकड्यांत कोण डावीकडे, कोण उजवीकडे याचे चार प्रकार. त्यात डावा राजा उजवीकडे सरकलेला आणि उजवा डावीकडे, एवढा एक बाद, राहिले तीन. खालच्या दोन तुकड्यांतही तीन. तसंच डावीकडच्या वर-खालच्या तुकड्यांत तीन, उजवीकडच्यात तीन. ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१. पण तिरक्या तुकड्यांचा हिशोब राहिला. दोन राजे पटाच्या मधोमध कोपऱ्याला कोपरा लावून बसले आणि उरलेले दोन लांबच्या कोपऱ्यांत गेले, अशा दोन मांडण्या ८१ मध्ये लपलेल्या असतात. त्या काढल्या की ७९. सातवीतल्या एका मुलानं हे स्वतः शोधलं. त्याच्या घरी अजून हातमाग आहे, आणि त्याला घरांच्या कागदावर नक्षी वाचायची सवय आहे. मला वाटतं त्याचा फायदा होतो.

घोड्यांसाठी ३० रुपये नग देऊन ३२ घोडे का करून घ्यावेत, असं कुणी विचारेल. उत्तर दोनच आहे: सगळे काळ्या घरांवर, किंवा सगळे पांढऱ्या. ३२ घोडे बसवायच्या फक्त दोन मांडण्या. घोडा नेहमी रंग बदलून उडी मारतो, एवढ्यानं ते बसतात हे कळतं, पण दोनच का हे कळत नाही. त्यासाठी घोड्याची फेरी लागते: चौसष्ट घरं एकेकदाच घेऊन सुरुवातीच्या घराला परत येणारी. अशा फेऱ्यांचा नाद आपल्याकडे जुना, नवव्या शतकात रुद्रटानं काव्यालंकारात अर्ध्या पटावर घोड्याच्या चालीनं वाचायचा श्लोक रचला. फेरीवर शेजारच्या दोन घरांत दोन घोडे चालत नाहीत, मग ६४ घरांच्या गोल फेरीत ३२ बसवायचे तर एक सोडून एक असंच बसवावं लागतं. दोनच प्रकार. मुलांनी सगळे घोडे काळ्या घरांवर लावले आणि मी म्हटलं, "आता एकच घोडा पांढऱ्यावर ने, बाकीचे कसेही हलव." तास गेला, कुणाला जमलं नाही, आणि का जमत नाही ते त्यांना हाताला कळलं. ३२ घोड्यांचे पैसे तिथं वसूल झाले.

वजीर शेवटी, कारण ते सर्वांत अवघड. हा प्रश्न १८४८ मध्ये जर्मनीत माक्स बेत्सेल यांनी मांडला. १८५० मध्ये फ्रान्झ नाउक यांनी ९२ मांडण्या दिल्या. त्याच वर्षी गाउससारख्या गणितज्ञानं हात घातला तरी त्याच्या हाती ७२ च लागल्या. फिरवून आणि आरशात धरून सारख्या होणाऱ्या एकत्र केल्या तर १२ च उरतात. त्यातल्या अकरांपासून प्रत्येकी आठ, आणि एक अशी की पट अर्धा फिरवला तरी तीच दिसते, तिच्यापासून चार: ८८ आणि ४. ती एक मांडणी, प्रत्येक उभ्या ओळीत वजीर खालून कितव्या घरात ते डावीकडून ओळीनं: ३, ५, २, ८, १, ७, ४, ६. करून पाहा, पट उलट बाजूनं बघा, तीच राहते. इथं कापडी पट लाकडीपेक्षा बरा: चार जणांनी चार कोपरे धरून अलगद फिरवला तरी मोहरे पडत नाहीत, बाभळीचं वजन कामाला येतं.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. माझे वडील मागावर होते. सॅटिनची वीण म्हणजे काय हे त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं: धागा लांबच लांब मोकळा तरंगतो आणि मधूनच एका ठिकाणी बांधला जातो. बांधणीची जागा प्रत्येक उभ्या धाग्यावर एक, प्रत्येक आडव्या धाग्यावर एक, आणि शेजारी-शेजारी नको, नाहीतर कापडावर तिरकी रेघ दिसते आणि चकाकी तुटते. पाच धाग्यांच्या सॅटिनमध्ये दोन-दोन सरकत जातात: १, ३, ५, २, ४. हे पाच बाय पाचच्या कोपऱ्यात लाल वजिरांनी मांडा. कुणीच कुणाला मारत नाही. दोनऐवजी तीननं सरकवा, तरी जमतं. सुरुवात पाच ठिकाणांहून करता येते. म्हणजे दहा मांडण्या, आणि पाचाच्या पटावर पाच वजिरांच्या एकूण मांडण्याही दहाच. सगळ्याच्या सगळ्या सॅटिनच्या!

मग मुलांना आठाचं सॅटिन दिलं, तीन-तीन सरकवत: १, ४, ७, २, ५, ८, ३, ६. आधी काळे हत्ती ठेवले, सगळे सुखरूप. मग एकेक हत्ती उचलून त्या जागी वजीर ठेवला. चौथा ठेवल्याबरोबर दुसरा आणि चौथा एका तिरक्या रांगेत. आठावर नेमानं सरकणारं सॅटिन वजिरांना चालतच नाही. कापडात नक्षी चारी बाजूंनी पुन्हा पुन्हा येत राहते, तसा पट चारी बाजूंनी जोडत गेला तर वजीर फक्त तेव्हाच बसतात जेव्हा पटाच्या आकड्याला २ नं आणि ३ नं भाग जात नाही: ५, ७, ११, १३. हे १९१८ मध्ये पोल्या यांनी दाखवलं. सॅटिनच्या अंकगणितावर त्याआधीच, १८६७ मध्ये, फ्रान्सच्या एदुआर ल्यूका यांनी लिहिलं होतं, ज्यांनी पुढे हनोईच्या मनोऱ्याचं कोडं काढलं. सोलापुरात ज्या घरांत माग होते किंवा आहेत, त्या घरांतल्या मुलांना गणित परकं वाटू नये असं मला नेहमी वाटत आलंय. त्यांच्या आजोबांच्या हाताखाली ते होतंच. लाल वजीर हातात घेऊन ते दाखवता येतं, म्हणून हा संच माझ्यासाठी इतका मोलाचा.

मोठ्या मुलांना मी आणखी एक सांगते, वेगवेगळ्या पटांवर वजिरांच्या मांडण्या किती ते: चारावर २, पाचावर १०, सहावर ४, सातावर ४०, आठावर ९२. पाचाहून सहावर कमी! हत्तींना आणि उंटांना सूत्र आहे, वजिरांना सगळ्या पटांसाठी चालेल असं सोपं सूत्र अजून मिळालेलं नाही. २७ च्या पटाची मोजणी २०१६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला संगणकांवर पूर्ण झाली, उत्तर अठरा अंकी आहे.

खोडीही सांगते. घोड्यांचं डोकं तिरकं कापून वर खाच घेतलीय, त्यामुळे वजन पुढे झुकतं आणि कापडाला सुरकुती असली की तीन-चार घोडे आडवे होतात. दोन इंचांच्या घराला राजाचं बूड जरा मोठं झालंय, १६ राजे लावल्यावर मधली घरं मोजायला डोकं खाली घालावं लागतं. लाख सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाला चिकट होते, डबा खिडकीपाशी ठेवू नका. आणि दिलेल्या तारखेला काम मिळालं नाही, लग्नसराईतल्या पलंगांमुळे मागे पडलं. पण मिस्त्रीनं तसं आधी फोन करून कळवलं.

पाचपैकी साडेचार तारे. शाळांनी, शिकवणीवाल्यांनी आणि ज्यांच्या घरी दोन-तीन मुलं आहेत त्यांनी जरूर करून घ्यावा.

मागणी देताना घोड्याचं बूड पाऊण सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त रुंद आणि राजाचं तेवढंच अरुंद करायला सांगा, मिस्त्रीला आता माप माहीत आहे. खाली बनातीचा तुकडा चिकटवायलाही सांगा, मी तो नंतर लावून घेतला. सगळे ७८ परवडत नसतील तर ८ वजीर आणि १४ उंट तेवढे घ्या. हत्तींच्या जागी वजीर चालतात, फक्त तिरकं बघायचं नाही असं मुलांना बजावा. चारच राजे घेतले तरी ७९ पर्यंत पोचता येतं, आणि घोड्यांच्या जागी चिंचोके ठेवले तरी चालतील.